जिऱ्याच्या पुडीचा कागद

माझ्या वडिलांच्या डोक्यासाठी आणलेला नारळ आमच्या कल्याणच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दोन महिने पडून होता. आई त्याच्या शेजारी बसून भात रांधत होती, भाजी चिरत होती, मला वाढत होती. घरातली बाकीची प्रत्येक वस्तू ती रोज पुसून लख्ख ठेवायची. नारळावरची धूळ तिने एकदाही पुसली नाही.

हे असं एकदम सांगितलं की वाचणाऱ्याला काही बोध व्हायचा नाही, म्हणून मागचं सांगतो. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. मी सहा वर्षांचा असताना घाटापलीकडे नवी लाइन पडत होती आणि तिकडे पगार बरा मिळतो असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. उन्हाळ्यात ते गेले. दोन पत्रं आली. दुसरं दिवाळीच्या तोंडावर आलं आणि त्यात ‘चिरंजीवास शाळेत घालणे’ एवढाच काय तो मजकूर होता. शेजारच्या मास्तरांनी तो आईला वाचून दाखवला. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही, पाहिल्याचं सांगणारा माणूस नाही. काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, तेव्हा पेणला होते. त्यांची बायको बाळंतपणात गेलेली. वहिनी आणि पुतण्या उघड्यावर पडू नयेत म्हणून ते चालती नोकरी सोडून कल्याणला आले आणि आमचेच होऊन राहिले. माझी शाळा, मुंज, पुढे ठाण्याच्या वकिलांकडे मिळालेलं नकला करण्याचं काम, सगळं त्यांनी पाहिलं. म्हणून त्या वर्षी मला त्यांचा जो राग आला, त्याला कुठे टेकायला जागाच नव्हती.

आमच्याकडे माणूस परागंदा झाला आणि बारा वर्षं त्याची काही वार्ता आली नाही, तर तो गेला असं धरतात. देह नसतो, म्हणून पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ माणसाच्या आकारात मांडायचे, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, लोकरीच्या धाग्याने सगळं बांधून वर पीठ लिंपायचं आणि मुलाने त्याला अग्नी द्यायचा. याला पालाशविधी म्हणतात. पुतळा जळला की बायको विधवा झाली. बारा वर्षं लावलेलं कुंकू त्या दिवशी पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि न्हाव्यापुढे मान वाकवून बसायचं. माझं वय अठरा होतं. अग्नी मी द्यायचा होता. म्हणजे माझ्या आईचं डोकं मीच भादरायचं, न्हाव्याने नुसता वस्तरा धरायचा.

“दादा जिथं असेल तिथं तहानलेला असेल,” काका म्हणाले. “बारा वर्षं त्याला कुणी पाणी दिलं नाही रे. तुझ्या हातचं पाणी त्याला पोचायला हवं.”  ते दुष्ट असते तर मी भांडलो असतो. भाद्रपदात त्यांनी नारळ आणून ठेवला, कार्तिकातला दिवस धरला, न्हाव्याला सांगून ठेवलं. डोंबिवलीकडच्या माळावर तेव्हा पळस माजलेला असे. तिकडून एक ओळखीचा आगरी वाल आणि भाजी घेऊन यायचा, त्याला काकांनी पानं आणायला सांगितली. “कवरी पानां पायजेत?” त्याने विचारलं. काकांनी आकडा सांगितला तसं त्या बिचाऱ्याने आईकडे पाहिलं आणि टोपली उचलली. त्याला कळलं होतं.

 एका दुपारी मी जेवत असताना आईने मला विचारलं, “न्हावी आत येतो का रे, की ओसरीवर बसावं लागतं?” मी म्हटलं, मला माहीत नाही. “ओसरीवरून रस्ता दिसतो,” ती म्हणाली आणि मला ताक वाढलं.  ती तेव्हा पस्तिशीचीही नव्हती. तिचे केस गुडघ्यापर्यंत यायचे आणि न्हाणं झालं की वाळायला दोन घटका लागायच्या. त्या आठवड्यात मी कामावर तीन नकला चुकवल्या आणि वकिलांच्या शिव्या खाल्ल्या.

आमच्या आळीतले शास्त्रीबुवा त्या विधीला बसणार होते. म्हातारे, दम्याने बेजार, पण सज्जन माणूस. काही सुटका आहे का म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पोथी काढली नाही की काही नाही. खोकत खोकत म्हणाले, “बारा वर्षं माणूस गेल्यापासून मोजत नाहीत. शेवटची वार्ता आली तिथून मोजतात. नंतरची एखादी वार्ता असेल तर सांग, मी तिथून धरीन.”

वार्ता! मी घरी जाईपर्यंत तो एकच शब्द घोळवत होतो. वडिलांना वर्तमानपत्राचा नाद होता. ठाण्याहून निघणारं एक साप्ताहिक ते टपालाने मागवायचे आणि पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचून काढायचे. मला त्यांची आठवण अशी एकच आहे. ते ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेत, मोठ्याने काहीतरी विचारतायत, आणि आई आत जमिनीवर वाल मांडून बसलीय. चार दाणे इकडे सारतेय, दोन तिकडे. थोड्या वेळाने ती आतून काहीतरी सांगते आणि वडील मांडीवर थाप मारून हसतात. मला वाटायचं ती वाल निवडतेय. असा माणूस जिथे असेल तिथे वर्तमानपत्र सोडणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्याने कुठे पत्र लिहिलं असेल, कुठे बदली छापली असेल, कुठे अपघातात जखमी म्हणून नाव आलं असेल. शेवटच्या पत्रानंतर कुठेही ते नाव छापलेलं सापडलं, की ती वार्ता. मेल्याची नको, जिवंत असल्याची.

घरातले जुने अंक कधीच संपले होते. आईने ते मेथीच्या पिठात भिजवून कुटून त्या लगद्याने टोपल्या आणि सुपं लिंपली होती. पण वकिलांकडे त्याच साप्ताहिकाच्या वर्षावर्षाच्या फाइली बांधून कपाटात ठेवलेल्या होत्या. मी त्यांच्या हातापाया पडून परवानगी काढली. कोर्टाची वेळ संपली की पक्षकार जात, मी खिडकीशी बसे आणि दिवस मावळेपर्यंत वाची. वडील गेले त्या वर्षापासून सुरुवात केली. बारा वर्षांचे अंक, दर अंकाची चार-चार मोठी पानं, आणि हातात सहा आठवडे.

मी काय काय वाचलं ते सांगत नाही. पुढे मला कितीतरी वर्षं शाईचा वास सहन होत नसे. टपालात पडून राहिलेल्या पत्रांच्या याद्या वाचल्या. घाटात दरड कोसळून मेलेल्या मजुरांच्या बातम्या वाचल्या, ज्यांत मजुरांची नावं कधीच नसत. त्या पहिल्याच फाइलीत, चैत्रातल्या एका अंकात, मला वडील सापडले. कल्याण स्टेशनवर तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळत नाही, अशी तक्रार त्यांनी संपादकांना लिहिली होती. खाली पुरं नाव. ‘लहान मुले तहानेने रडतात व त्यांच्या आयांस डब्याबाहेर पडता येत नाही.’ मी ते इतक्यांदा वाचलं की आजही पाठ आहे. वडिलांचा आवाज मला आठवत नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. आणि त्याचा उपयोग शून्य, कारण ते पत्र त्यांच्या जाण्याआधीचं होतं. काकांचं तहानेचं बोलणं आठवून मी त्या खिडकीत बसून रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पुढच्या अकरा फाइलींत काही नाही. पाच वर्षांमागची फाइल तर वाळवीने पोखरलेली, हात लावला की भुगा. मी उरलेली पानं सुरीच्या पात्याने सोडवून सोडवून वाचली. त्या वर्षातले श्रावण ते कार्तिक साफ गेले होते. दसरा आला. काकांनी आगऱ्याला पळसाच्या पानांची पुन्हा आठवण करून दिली. मग मी वेड्यासारखा जिथे कागद दिसेल तिथे वाचू लागलो. बाजारात चण्याची पुडी घेतली तरी आधी कागद उलगडून बघायचा. दुकानदार हसायचे. आमच्या वाण्याच्या दुकानात तर मी रद्दीच्या ढिगापुढे उकिडवा बसलो तेव्हा तो म्हणाला, “काय शोधता पंत, खजिना?” मी तसाच कागद चाळत राहिलो. तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं.

आणि कागद आला तो घरीच. आईने जिरं आणवलं होतं. पुडी सोडून तिने जिरं डबीत ओतलं, कागद चुलीजवळ टाकला आणि मी सवयीने उचलला. साप्ताहिकाच्या पहिल्या पानाचा वरचा तुकडा. तारखेच्या ओळीत ‘मिती अधिक श्रावण व’ एवढं शाबूत, पुढचा वार, शक, इंग्रजी तारीख सगळं फाटलेलं. मागच्या बाजूला ‘फुले व तीन दरवाजे, या कोड्याचे उत्तर’ अशी ओळ, उत्तर फाटलेल्या भागात गेलेलं, आणि त्याखाली ‘बरोबर उत्तर धाडणारे’ म्हणून नावं. तिसरं नाव माझ्या वडिलांचं. त्यांचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव. संशयाला जागा नाही.

मी ओरडलोच. काका धावत आले. आईने हातातली डबी तशीच धरून ठेवली होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. मला वाटलं आनंदाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा आमच्या ओसरीवर बसले. चष्मा नाकावर ओढून त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, कोड्याची ओळ मोठ्याने वाचली, नाव वाचलं आणि बोटांवर मोजू लागले. श्रावण कधी अधिक आला होता? पाच वर्षांमागे आला होता. काकांनी हात जोडले. “म्हणजे दादा पाच वर्षांमागे जिवंत होता!” पण शास्त्रीबुवांची बोटं थांबली नव्हती. “त्याच्या आठ वर्षं आधीही श्रावण अधिक होता,” ते म्हणाले. “तुझा भाऊ गेला त्याच्या आदल्या साली. तेव्हा तो इथंच ओसरीवर बसून कोडी सोडवत असेल.” काकांनी जोडलेले हात तसेच खाली आले.

दाराआड बांगड्या वाजल्या. आई तिथे उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही, कारण तिला वाचता येत नव्हतं आणि हे वर्तमानपत्राचं काम होतं. शास्त्रीबुवा माझ्याकडे वळले. “वकिलांकडे फाइली आहेत म्हणतोस ना? पाच वर्षांमागची बघ.” ती वाळवीने खाल्ली, मी सांगितलं. हे खरं होतं. “मग आधीची बघ. त्या अधिक श्रावणात हे कोडं नसेल, तर हा कागद नंतरचा. असेल तर नाही. बघून ये आणि जानवं हातात धरून मला सांग. मी त्यावर चालेन.” त्यांना ठाण्यापर्यंत जायचं बळ नव्हतं, आणि मी खोटं बोलेन असं त्यांच्या मनातही आलं नसावं.

वडील गेले त्याच्या आदल्या वर्षीची फाइल मी कधी उघडलीच नव्हती. उघडायचं कारण नव्हतं. सोमवारी मी ती काढली, मांडीवर घेतली आणि बराच वेळ तिच्या पुठ्ठ्यावरची धूळ पुसत राहिलो. मग अधिक श्रावण काढला. वद्यातला अंक. तेच पान, अख्खं. शक स्पष्ट. मागे तेच कोडं, तीच नावं, तिसरे वडील. उत्तरही छापलं होतं, बावीस. कोडं आदल्या अंकात होतं, तेही वाचलं. एक भक्त देवाला फुलं घेऊन जातो. वाटेत तीन दरवाजे, प्रत्येक दरवाजावर रखवालदार. प्रत्येकजण हातातली निम्मी फुलं आणि वर एक काढून घेतो. देवापाशी पोचतो तेव्हा एकच फूल उरतं. तर निघताना किती होती? मी पाटीवर मांडून पाहिलं. बावीसच येतात.

फाइल जागेवर ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीने कल्याणला आलो. मुंब्र्याची खाडी गेली, डोंबिवली गेली, पळस दिसले. खरं सांगितलं तर आठ दिवसांत त्या देठांचा माणूस होऊन जळणार होता. खोटं सांगितलं तर वडिलांना पाणी नाही. ते मेलेच असतील तर, आणि मेलेच होते, हे मला त्या फाइलीने पक्कं सांगितलं होतं. ज्या माणसाने परक्यांच्या तहानलेल्या मुलांसाठी पत्र लिहिलं, तो जिवंत असता तर स्वतःच्या मुलाला एक ओळ लिहिल्याशिवाय राहिला नसता. त्याच माणसाला मी तहानलेला ठेवायला निघालो होतो.

ओसरीवर शास्त्रीबुवा, काका, दाराआड आई. मी जानवं हातात धरलं आणि म्हटलं, “त्या अधिक श्रावणाचे सगळे अंक पाहिले. हे कोडं नाही.”

“मग पाच वर्षांमागचा,” शास्त्रीबुवा म्हणाले आणि त्यांचाही चेहरा उजळला. “अजून सात वर्षं धरायची.” काका लहान मुलासारखे रडू लागले. मी आत जाऊन घटाघटा पाणी प्यालो आणि मग आपण पाणी पितोय हे लक्षात येऊन तांब्या खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी आईने तो नारळ फोडला. वालाचं बिरडं केलं आणि अख्खा नारळ वाटून घातला. काका दोनदा मागून जेवले. कोपरा तिने शेणाने सारवून घेतला. मला वाटलं, झालं, सुटलो.

कसला सुटतो! आळीतल्या बायका आधी आईची कीव करायच्या. आता हळदीकुंकवाला गेली की कुजबुज सुरू होई. नवरा पाच वर्षांमागे कोडी सोडवत होता म्हणे, बायकोला दोन ओळी लिहायला वेळ नव्हता. बेपत्ता माणसाची बायको होती ती टाकलेली बायको झाली. तिने हळदीकुंकवाला जाणं बंद केलं. आणि काका! आपला भाऊ कुठेतरी आहे ही गोष्ट त्यांच्या अंगात भिनली. दर वर्षी दिवाळी झाली की ते घोंगडी, तांब्या आणि दशम्यांची पुरचुंडी घेऊन निघत. कधी भुसावळ, कधी अकोला, कधी त्याहून पुढे. स्टेशनास्टेशनावर उतरायचं, मालधक्क्यावर जायचं आणि वर्णन सांगून विचारायचं. महिन्याने परत येत ते निम्मे होऊन. “यंदा नाही लागला,” म्हणत. “पण खांडव्याला एकजण म्हणाला, असा माणूस पाहिल्यासारखा वाटतो.” मी त्यांचे सुजलेले पाय चेपून देई आणि तोंडातून शब्द काढत नसे. सांगायचं म्हटलं की आईचे केस दिसत.

पाचव्या वर्षी काकांचं गाठोडं पुन्हा बांधून तयार होतं आणि आई तापाने पडली. एकविसाव्या दिवशी वैद्यांनी हात टेकले. सकाळची वेळ होती, काका औषधाला गेले होते. मी तिच्या कपाळावर ओली घडी ठेवत होतो. तिने डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “बावीस होती रे ती.”

“काय बावीस?”

“फुलं. तीन दरवाजांची. वाल मांडून मीच उत्तर काढलं होतं. त्यांनी आपल्या नावाने धाडलं. छापून आलं तेव्हा मला नाव दाखवलं होतं बोटाने.”

माझा हात तिच्या कपाळावरच राहिला. त्या फाटक्या कागदावर उत्तर नव्हतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

“मग शास्त्रीबुवांपुढे बोलली का नाहीस?”

“तू जानवं धरलं होतंस. माझ्या मुलाला मी चारचौघांत खोटा पाडू?” ती थांबली, श्वास घेतला. “आणि मला केस हवे होते. खोटं कशाला बोलू आता?”

मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, “ते तहानेले राहिले, ते माझ्यामुळे. ते पाप माझ्याकडे राहू दे, तू घेऊ नकोस. मी गेले की त्यांचं कर. आणि भावोजींना आता फिरवू नकोस, त्यांचे पाय बघवत नाहीत.”

तिसऱ्या दिवशी ती गेली. हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, मोकळे केस. अहेव मरण आलं म्हणून आळीतल्या त्याच बायका तिच्या पाया पडायला रांग लावून आल्या. मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटत होतं, पण आईला ते आवडलं नसतं.

दिवसपाणी उरकलं. चौदाव्या दिवशी काका गाठोड्याशी बसले होते. मी म्हटलं, “काका, आता बाबांचा पालाशविधी करू या.” त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. “वेड लागलं का तुला? अजून दोन वर्षं आहेत. यंदा मी नागपूरपर्यंत जाणार. वहिनी गेल्याचं त्याला कुणीतरी सांगायला नको?”

ज्यांनी नारळ आणून ठेवला होता, ते हे बोलत होते. मी ठाण्याला गेलो, वकिलांची परवानगी घेतली, ती फाइल धोतरात गुंडाळून घरी आणली आणि त्यांच्यापुढे अधिक श्रावण उघडून ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. शकावर बोट ठेवलं आणि पुटपुटत बेरीज केली. पान उलटलं, नाव वाचलं. मग त्यांनी गाठोडं सोडलं. घोंगडी, तांब्या, आणि तांब्याच्या आत फडक्यात बांधलेला तो जिऱ्याच्या पुडीचा कागद. स्टेशनमास्तरांना दाखवून दाखवून त्याच्या घड्या फाटल्या होत्या, म्हणून त्यांनी तो मांजरपाटावर खळीने चिकटवला होता. मागच्या बाजूला कापड आणि वर फक्त नावाची बाजू. त्यांनी तो फाइलीतल्या अख्ख्या पानावर ठेवला. ओळीवर ओळ, अक्षरावर अक्षर बरोबर बसलं.

मी डोकं खाली घालून उभा होतो. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

“वहिनींना ठाऊक होतं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

 काकांनी दशम्यांची पुरचुंडी सोडून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, तांब्या पाण्याने भरला आणि तो तसाच हातात धरून म्हणाले, “न्हाव्याला सांगून ये. आणि येताना बाजारातून नारळ आण.”